मिलानहून डोक्यात आणलेली खुर्ची

"तिघांनी एकदम पुढे जायचं नाही," नीवेसने बजावलं. "एकेकाने जायचं, मधे वेळ सोडून. आणि तोंड बंद ठेवायचं. तुम्ही तोंड उघडलंत की कुठले ते लगेच कळतं."

इटलीतल्या मान्झानो गावाच्या चौकात मिलानची बस घरघरत उभी होती आणि नीवेस खिडकीखाली उभी राहून आत बसलेल्या तिघा बाप्यांना तंबी देत होती. खिडकीशी तिचा नवरा दुइलिओ, त्याच्या शेजारी तिचा धाकटा भाऊ एर्मेस आणि मागच्या बाकावर लग्नाला निघाल्यासारखे कोट-टोपी घालून बसलेले दुइलिओचे तार्चिझिओकाका. तिघं निघाले होते जगभरातल्या फर्निचरचं प्रदर्शन बघायला. आता बघायला म्हणजे काय, ते आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. शहरातले लोक त्याला प्रेरणा घेणं म्हणतात.

"कोणाच्या खिशात कागद-पेन्सिल नाही ना?" नीवेसने विचारलं. "मागच्या साली शेजारच्या गावातल्या एकाला चित्र काढताना पकडलं आणि कॉलर धरून बाहेर काढलं. त्याची बायको अजून बाजारात मान वर करून चालत नाही."

"ताई, कागद लागतो कशाला?" एर्मेस म्हणाला. "एखाद्या बैठकीवर मी एकदा बसलो की जन्मात विसरत नाही."

"बायकोचा वाढदिवस तेवढा विसरतोस."

सगळी बस हसली. ड्रायव्हरही हसला आणि त्याने गिअर टाकला.

या तिघांचा धंदा आधी सांगायला हवा, नाहीतर पुढची फजिती कळायची नाही. आमचा सगळा मुलूख खुर्च्यांचा. पण खरं सांगायचं तर आमच्याकडे खुर्ची कोणीच करत नाही. दुइलिओ पाय करतो. त्याच्या बापाने पाय केले, आजोबाने पाय केले. एर्मेस बैठक करतो, म्हणजे चौकट आणि तिच्यावरचं विणकाम. तार्चिझिओकाका वाफेवर लाकूड वाकवून पाठ करतात. आणि हे सगळं सरस लावून जोडायचं काम नीवेसचं. घरातल्या इतर गोष्टी जोडायचंही तिचंच म्हणा. अख्खी खुर्ची एका माणसाने केली असं आमच्या गावात कोणी ऐकलेलं नाही. कोणी केलीच असती, तर लोकांनी त्याला चढेल म्हटलं असतं.

या चौघांच्या जिवावर जी खुर्ची व्हायची, ती डोंगरापलीकडे ऑस्ट्रियात जायची. लाइटगेब नावाचा व्यापारी ती नेऊन तिकडच्या हॉटेलांना आणि खानावळींना पुरवायचा. वर्षानुवर्षं तीच एक खुर्ची, सरळ पाठीची, विणलेल्या बैठकीची. पण गेल्या शरदात जाताना तो गाडीच्या दारातच थांबला आणि म्हणाला, "दुइलिओ, हे बघून बघून माझी गिऱ्हाइकं कंटाळली. मे महिन्यात येईन. नवीन काही दाखवलंत तर ठीक. नाहीतर आपला हा शेवटचा नमस्कार."

तेव्हापासून दुइलिओची झोप उडाली होती. गल्लीतले लेथ एकेक करून गप्प झालेले त्याने पाहिले होते. पलीकडचा दोमेनिस, ज्याच्या हाताला कापलेल्याच्या खुणा मोजता यायच्या नाहीत असा कसबी माणूस, आता विमानतळावर ढकलगाड्या गोळा करत होता. "मला पायांखेरीज काही येत नाही गं," दुइलिओ बायकोला म्हणायचा. "लेथ बंद झाला तर मी करू काय? या वयात ढकलगाड्या ढकलू?" नीवेस वरवर "काही होत नाही" म्हणायची आणि कारखान्यात जाऊन उगाचच झाडू मारत बसायची.

म्हणून ही मिलानची वारी. नीवेसनेच ठरवली.

प्रदर्शनात पोचल्यावर तिघांची छाती दडपून गेली. कोणी काचेची कपाटं मांडली होती, कोणी कपाटांत दिवे सोडले होते, एका ठिकाणी तर नुसताच पडदा होता आणि लोक त्याच्यापुढे उभे राहून माना डोलवत होते. दुइलिओने पडद्यामागे डोकावून पाय शोधले. नव्हते. तो पुढे निघाला.

दुपारच्या सुमाराला त्यांना हवी ती जागा सापडली. एका मोठ्या कंपनीच्या मांडणीपुढे मरणाची गर्दी होती. मधे एक गोल चौथरा आणि त्याच्यावर खुर्च्याच खुर्च्या. सगळ्या ॲश झाडाच्या लाकडाच्या, फिकट, मधाळ रंगाच्या, एका हातच्या. लोक वाकून वाकून बघत होते.

"ती," काका हळूच म्हणाले. "अगदी पुढची, कडेची."

"तीच," दुइलिओ म्हणाला.

"मीही तीच म्हणणार होतो," एर्मेस म्हणाला.

एवढं एकमत त्यांच्यात पूर्वी कधी झालं नव्हतं. तिथंच संशय यायला हवा होता. पण नीवेसचा हुकूम आठवून ते पांगले, कॉफी प्यायला गेले आणि मग एकेक करून परत आले.

पहिला दुइलिओ. तो पुढच्या कडेच्या खुर्चीपाशी गेला आणि बुटाची नाडी बांधायचं निमित्त करून खाली बसला. खाली बसला तो बसलाच. पाय कुठे जाड होतो, कुठे बारीक, जमिनीला टेकताना किती फाकतो, हे सगळं त्याने वितीने, बोटांनी आणि स्वतःच्या पोटरीने मोजून घेतलं. खुर्चीला वर काय आहे हे त्याने पाहिलंच नाही. पाहायची सवयच नव्हती.

"काही हरवलंय का साहेब?" कंपनीच्या पोरीने विचारलं.

"बटण," दुइलिओ म्हणाला.

ती बिचारी त्याच्याबरोबर बटण शोधू लागली. शेवटी त्याला स्वतःच्या शर्टाचं एक बटण तोडून "सापडलं!" म्हणावं लागलं.

मग एर्मेस गेला. पुढच्या कडेची खुर्ची गाठून तो सरळ बसला, डोळे मिटले आणि सगळं ध्यान बुडाखाली लावलं. रुंदी किती, खोली किती, वीण किती ताणलेली. तेवढ्यात खालून घुर्र आवाज झाला आणि चौथरा हलला. एर्मेस खुर्चीसकट मागच्या भिंतीआड गेला, तिथे डबा खात बसलेल्या दोघा कामगारांना त्याने नमस्कार केला आणि दुसऱ्या बाजूने बाहेर आला. उतरताना त्याच्या डोक्यात बैठकीचं माप पक्कं होतं. बाकी काही नव्हतं.

शेवटी काका. पुढच्या कडेला जी खुर्ची होती तिच्या पाठीवर त्यांनी दोन्ही तळवे ठेवले आणि वळण चाचपायला लागले. कुठे जोर देऊन वाकवलंय, कुठे लाकडाला आपसूक वळू दिलंय, सगळं त्यांच्या हातांना कळत होतं. त्यांचे डोळे भरून आले.

"आजोबा, बरं वाटत नाहीये का?" त्याच पोरीने विचारलं.

"उलट पोरी," काका म्हणाले, "कितीतरी वर्षांनी बरं वाटतंय."

परतीच्या बसमध्ये तिघं खूश होते. एर्मेसने सलामीचं मांस घातलेल्या पावाची पुडी सोडली, काकांनी बाटली काढली.

"काय चीज आहे!" दुइलिओ म्हणाला. "हलकी."

"हलकी," एर्मेस म्हणाला.

"आणि तरी धरून ठेवते माणसाला," काका म्हणाले.

"अगदी बरोबर बोललात काका. आणि दाजी, ती कशी फिरते, पाहिलंत?"

"काय फिरते?"

"अहो, तो चौथरा. मला घेऊन सगळीकडे फिरून आला."

दुइलिओने बाटलीकडे पाहिलं, मग मेहुण्याकडे पाहिलं. "काका, याला आता देऊ नका. याचं डोकं फिरायला लागलंय."

काकांनी बाटली काढून घेतली. एर्मेस रुसून खिडकीबाहेर बघत बसला आणि तो विषय तिथेच संपला.

घरी आल्यावर तिघं कामाला लागले. आपापल्या कारखान्यात, आपापली दारं लावून. तशीच रीत आहे आमच्याकडे. माल जोडायच्या दिवसापर्यंत कोणी कोणाला काही दाखवत नाही. सख्ख्या भावालाही नाही. आणि एकच नमुना करावा, हेही कोणाला सुचत नाही. लेथ एकदा मापावर लावला की चार पायांवर कोण थांबवतो? दुइलिओने डझनभर खुर्च्यांचे पाय काढले. एर्मेसने डझनभर बैठका विणल्या. काकांनी वाफेची पेटी तापवली ती डझनभर पाठी काढूनच विझवली. नीवेसने त्या कामापुरतं आणलेलं ॲशचं लाकूड सगळं संपलं.

शनिवारी सकाळी तिघांनी माल आणून नीवेसच्या टेबलावर मांडला आणि हाताची घडी घालून कौतुकाची वाट बघत उभे राहिले. लाइटगेब सोमवारी दुपारी यायचा होता.

नीवेसने एक पाय उचलला. मग तो जमिनीवर उभा करून बघितला.

"दुइलिओ, हा खुर्चीचा पाय आहे की जिराफाचा?"

"मिलानचा आहे," दुइलिओ म्हणाला. "बोटभर इकडेतिकडे नाही."

तिने बैठक घेतली. "आणि ही? कोणी बसायचं हिच्यावर?"

"माणसांनी बसायचं, ताई. मी स्वतः बसून आलोय."

मग तिने पाठ उचलली. ती नुसती पाठ नव्हतीच. मागून निघून दोन्ही बाजूंनी वळून पार पुढपर्यंत आलेली एक भलीमोठी कमान होती.

"काका, हे काय? कुंपण?"

"हात टेकायला आहेत दोन्ही बाजूंना," काका दुखावून म्हणाले. "तू आधी जोड, मग बोल."

नीवेसने सरस न लावता नुसतीच एक खुर्ची उभी केली. पायांची कुसवं बैठकीच्या भोकांत कशीबशी ठोकून बसवली, कमान दोरीने बांधली, आणि चौघं मागे सरकले. उंचच उंच पाय, त्यांच्यावर इवलीशी बैठक, आणि तिच्याभोवती लांब अंतरावरून वळसा घालून गेलेली पाठ. एर्मेस वर चढून बसला तर त्याचे पाय हवेत लोंबकळायला लागले आणि कमानीला हात पुरेनात.

"तुझी बैठक चुकली," दुइलिओ म्हणाला.

"माझी? दाजी, आरशात बघा! हे पाय आहेत का? इथून खाली बघितलं तर गरगरतंय मला!"

"पाय मी स्वतः मोजलेत. गुडघ्यावर बसून. शर्टाचं बटण गेलं माझं त्यापायी!"

"दोघंही चुकलात," काका म्हणाले. "पाठ बरोबर आहे."

"काका, तुमच्या पाठीत आम्ही दोघं मावू, वर ताईही येईल!"

"तोंड सांभाळ. तुझ्या जन्माआधीपासून मी पाठी वाकवतोय."

भांडण असं रंगलं की शेजारीपाजारी खिडक्यांत आले. एर्मेस खुर्चीवरून उतरेना, म्हणून तो वरून भांडत होता. आणि भांडता भांडता तो अचानक थांबला.

"फिरत होता!" तो ओरडला. "मी बसमध्ये सांगत नव्हतो? तो चौथरा फिरत होता! दाजी, तुम्ही गेलात तेव्हा पुढे एक खुर्ची होती, मी गेलो तेव्हा दुसरी, आणि काका गेले तेव्हा..."

पुढचं बोलायची गरज नव्हती. दुइलिओ मटकन भुशाच्या ढिगावर बसला. त्याने पाय आणले होते हॉटेलातल्या उंच टेबलापाशी ठेवतात त्या खुर्चीचे. एर्मेसने बैठक आणली होती जेवणाच्या टेबलाच्या खुर्चीची. आणि काकांनी पाठ आणली होती शेकोटीपुढे ऐसपैस पडायच्या आरामखुर्चीची.

"संपलं," दुइलिओ म्हणाला. त्याचा आवाज इतका बारीक निघाला की एर्मेस मुकाट्याने खाली उतरला. "नीवेस, लेथचं गिऱ्हाईक बघायला लाग. संपलं आपलं."

"लाकूड?" काकांनी विचारलं.

"काडीसुद्धा नाही उरली."

नीवेसने पदर खोचावा तसा एप्रन कसून बांधला. "रडायचं असेल त्याने बाहेर जाऊन रडा," ती म्हणाली. "इथे सरस सुकायला जागा लागते. करवत आण दुइलिओ."

"कशाला?"

"पाय कापायला."

दुइलिओचा चेहरा असा झाला की जणू त्याचेच कापायचेत. पण नीवेसपुढे कोणाचं चाललंय? त्याने पुढचे पाय कापले, माणसाची पावलं जमिनीला टेकतील इतके. एकेका खुर्चीगणिक तो सुस्कारे टाकत होता. मागच्या पायांपाशी आल्यावर मात्र त्याने करवत खाली ठेवली.

"बस. पुढचे दिले. मागचे देणार नाही."

"अरे, मागून उंच राहील ना ती!"

"राहू दे. मापाने काढलेत मी. चारांतले दोन तरी खरे राहू देत."

"दुइलिओ!"

"एक बोट देतो. जास्त मागू नकोस, नीवेस. माझ्याच्याने होणार नाही."

शेवटी बरीच ओढाताण होऊन मागचे पाय पुढच्यांपेक्षा दोन बोटं उंच ठेवण्यावर सौदा झाला. काकांनी कमानीला करवत लावू दिली नाही ती नाहीच. मग नीवेसने बैठकीच्या दोन्ही बाजूंना कापलेल्या पायांचेच ठोकळे लावून तिला कमानीपर्यंत नेलं. एर्मेस म्हणाला, माझ्या विणीला खिळा लागला तर मी बघून घेईन. रविवारी चर्चची घंटा झाली तेव्हा नीवेस रंधा मारत होती. लग्नानंतर तिने चर्च चुकवायची ही पहिलीच वेळ. पाद्रीबाबा जाता जाता दारात डोकावले, आतला आरडाओरडा ऐकला आणि न बोलता पुढे गेले.

संध्याकाळी डझनभर खुर्च्या भिंतीशी उभ्या राहिल्या. दिसायला, खोटं कशाला बोला, अगदीच वाईट नव्हत्या. लाकूड सुंदर, वीण सुंदर, वळण सुंदर. फक्त मागून उंच असल्यामुळे जराशा पुढे झुकलेल्या, आणि कमानीचे हात बसणाऱ्याच्या कमरेपुढे काढलेले. दुइलिओने एकीवर बसून बघितलं. खुर्ची त्याला सरकवून पुढे देत होती. टेकायला जावं तर पाठ लांब. जरा वेळाने तो आपोआप उभा राहिला.

"बसूच देत नाही ही," तो कळवळून म्हणाला.

"मग त्याला बसू द्यायचं नाही," नीवेस म्हणाली. "लांबून दाखवायची. उजेड मागून पडेल असं बघायचं. आणि आधी पोटभर जेवायला घालायचं. जेवलेला माणूस फार खोलात जात नाही."

सोमवारी लाइटगेब आला. मोठा देह, मोठी गाडी, गळ्यात टाय. नेहमीसारखा स्वयंपाकघरात जुन्या खुर्चीवर बसला आणि नीवेसने त्याच्यापुढे फ्रिको ठेवला, चीज आणि बटाट्याचा, कडा कुरकुरीत झालेला. सोबत मक्याच्या पिठाचा पोलेंता, हॅम, आणि काकांच्या मळ्यातली पांढरी वाईन. लाइटगेब मनापासून जेवला. नीवेसला त्याच्या जेवणाचं कौतुक होतं, त्रास होता तो पुढचाच. दरवर्षी जेवण झालं की हा माणूस जागचा हलायचा नाही. कॉफी व्हायची, पुन्हा कॉफी व्हायची, त्याच्या सैन्यातल्या दिवसांच्या त्याच त्या गोष्टी व्हायच्या. लोक कामाला निघून जायचे, तरी हा आपला बसलेला. "चिकट आहे मेला," असं नीवेस दरवर्षी म्हणायची.

आजही जेवण झालं. लाइटगेबने तोंड पुसलं.

"हं. दाखवा नवीन काय ते."

"चला ना, कारखान्यात मांडलंय," दुइलिओ म्हणाला.

"इकडेच आणा एक."

चौघांनी एकमेकांकडे पाहिलं. उजेड मागून पाडायचा बेत तिथेच बोंबलला. एर्मेसने एक खुर्ची आणून स्वयंपाकघराच्या मधोमध ठेवली आणि तो तिच्यापुढे उभा राहिला.

"बाजूला हो," लाइटगेब म्हणाला. त्याने खुर्ची नीट बघितली. "हूं. बसून बघतो."

"सरस ओला आहे!" दुइलिओ म्हणाला.

"रंग ओला आहे!" त्याच क्षणी एर्मेस म्हणाला.

"रंग दिलाय कुठे?" लाइटगेब म्हणाला. त्याने दोन्ही हातांनी टेबल धरलं. एकदा जोर केला, पुन्हा जोर केला, टेबलावरच्या बशा खळखळल्या. काकांनी हात पुढे केला तर "नको!" असं तो वसकन म्हणाला. तिसऱ्यांदा तो उभा राहिला, लालबुंद होऊन, आणि दोन पावलं टाकून नव्या खुर्चीवर बसला.

खुर्चीने आपलं काम केलं. लाइटगेब मागे टेकायला गेला, पाठ लागली नाही, बैठकीने त्याला पुढे आणलं. त्याचे दोन्ही हात कमानीच्या टोकांवर पडले आणि तो उभा राहिला.

लाइटगेबने वळून खुर्चीकडे पाहिलं. पुन्हा बसला. पुन्हा उभा राहिला. पुन्हा बसला.

"चावतेय त्यांना," एर्मेस कुजबुजला.

दुइलिओला ते बघवेना. त्याने डोक्यावरची टोपी काढली. "लाइटगेबसाहेब, उगाच त्रास नका करून घेऊ. तुमच्याशी खोटं बोलवत नाही. आम्ही मिलानला गेलो होतो. चोरायलाच गेलो होतो म्हणा. पण तेसुद्धा धड जमलं नाही. पाय एका खुर्चीचे आलेत, बैठक दुसरीची आणि पाठ तिसरीची. मागचे पाय उंच आहेत ते माझ्या हट्टापायी. या बाईचा यात काही दोष नाही. तुम्ही दुसरीकडून माल घेतलात तर आम्ही..."

"दुइलिओ, जरा गप्प बसता का?" लाइटगेब म्हणाला. "मला उठू द्या."

तो उठला. या खेपेला त्याने कमानीला हातही लावला नाही. आणि उभा राहून तो हसला. इतक्या वर्षांत त्याला हसताना कोणी पाहिलं नव्हतं.

"नीवेसबाई," तो म्हणाला, "मी दरवर्षी तुमच्या स्वयंपाकघरात संध्याकाळपर्यंत का बसतो, सांगा बघू?"

नीवेस गोरीमोरी झाली. "फ्रिको आवडतो तुम्हाला."

"आवडतोच. पण मला उठता येत नाही. गुडघे गेलेत माझे. तुम्ही सगळे कामाला जाईपर्यंत मी वाट बघतो. कोणी बघत नाहीसं झालं की टेबल धरून कसाबसा उभा राहतो. म्हणून तर त्या सैन्यातल्या गोष्टी. मला स्वतःलाच त्यांचा कंटाळा आलाय."

"मग बोलायचं नाही का हो?" ती म्हणाली. "आम्ही काय परके होतो?"

"खुर्च्यांचा व्यापारी मी. मला खुर्चीतून उठता येत नाही, हे कोणत्या तोंडाने सांगू?" त्याने कमानीवर थाप मारली. "माझ्या गिऱ्हाइकांची हॉटेलं अशा लोकांनी भरलेली असतात. पेन्शनीतले, डोंगर बघायला आलेले. जेवण झालं की सगळे एकमेकांकडे बघत बसून राहतात, पहिल्यांदा कोण धडपडतं त्याची वाट बघत. आणि ते मिलानवाले सगळे बसायच्या खुर्च्या करतात. मीही जन्मभर त्याच विकल्या. उठायची खुर्ची मला कोणी दाखवली नव्हती."

त्याने तिथल्या तिथे सगळ्या डझनाच्या डझन ट्रकमध्ये चढवायला सांगितल्या, मग आठवण झाली की ट्रक आणलाच नाही, तेव्हा पुढच्या आठवड्यात पाठवतो म्हणाला, आणि पुढच्या वर्षभराची मागणीही सांगितली.

"पण एक लक्षात ठेवा," तो दुइलिओला म्हणाला. "काहीही बदलायचं नाही. मागचे पाय तर अजिबात नाही."

दुइलिओने बायकोकडे पाहिलं. मागच्या पायांचं हे पुराण नीवेसला पुढची दहा वर्षं ऐकावं लागणार होतं, हे तिला तिथेच कळलं.

"ही कल्पना कोणाची?" लाइटगेबने विचारलं.

"माझी," काका म्हणाले.

"काका!" एर्मेस ओरडला. "बैठक कोणाची मग?"

"चौघांची आहे," नीवेस मधे पडली. "भांडून काढलीय."

लाइटगेबने सगळ्यांशी हस्तांदोलन केलं, टोपी घातली आणि तडक गाडीकडे निघाला. नीवेसने गुबाना करून ठेवली होती, अक्रोड आणि मनुका भरलेली, दुसऱ्या कॉफीबरोबर द्यायला. ती ताटली घेऊन दारापर्यंत धावली, पण गाडी वळणापलीकडे गेली होती.

"बघा मेल्याला!" ती म्हणाली. "इतकी वर्षं हलत नव्हता, आणि आज थांबला नाही." पण तिचे डोळे पुसायची वेळ आली होती, म्हणून तिने ताटली काकांच्या हातात दिली.

"बसा रे आता सगळे," ती आत येत म्हणाली. "दोन दिवस कोणी धड बसलं नाहीये. ग्रापा काढते. निवांत बसा."

तिघं कारखान्यात जाऊन नव्या खुर्च्यांवर बसले. काकांनी गुबानाची ताटली मांडीवर घेतली. ताटली घसरायला लागली, तशी ती सावरायला ते उभे राहिले. एर्मेसने मागे रेलायचा प्रयत्न केला, दोनदा केला, आणि "हात्तिच्या!" म्हणून तोही उठला. दुइलिओ सगळ्यांत जास्त टिकला. त्याने पाय रोवले, हात पोटावर बांधले, आणि खुर्चीने त्याला हळूहळू, अगदी मानाने, उभं केलं.

"दाजी, आता?" एर्मेस म्हणाला.

"आता काय," दुइलिओ म्हणाला. "उठलोच आहोत तर..." आणि त्याने बाह्या सरसावल्या.

नीवेस ग्रापाची बाटली आणि चार पेले घेऊन आली तेव्हा सगळ्या खुर्च्या रिकाम्या होत्या. पलीकडे काकांच्या छपरातून वाफ निघत होती आणि आत, लाकूड यायच्या आधीच, दुइलिओचा लेथ घरघरत होता. तिने एकटीसाठी थोडी ओतली आणि उभ्या उभ्याच प्यायली.